ट्रान्झॅक्शन कुठे लिहायचं: स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये की ॲपच्या कोडमध्ये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. पतसंस्थेच्या सभासदाच्या बचत खात्यात २,००० रुपये नावे टाकायचे, तेवढेच त्याच्या कर्जखात्यात जमा करायचे आणि व्हाउचरची नोंद करायची. तिन्ही व्हायला हवं, नाहीतर तिन्हींपैकी काहीच नको. अशा एकसंध कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. ते पक्कं करणं म्हणजे कमिट, मागे घेणं म्हणजे रोलबॅक. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेला कोड. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल हे डेटाबेस जिथे वेगळे वागतात, तिथे तसं नाव घेऊन सांगितलं आहे.

आधी थोडक्यात सांगा. कुठे लिहू?

नवं काम असेल तर ॲपमध्ये लिहा. शिल्लक शून्याखाली जाऊ नये, एक व्हाउचर क्रमांक दोनदा येऊ नये असे कधीच मोडू नयेत ते नियम टेबलवरच कन्स्ट्रेंट (डेटाबेस स्वतः पाळून घेतो अशी अट) म्हणून लावा. ते ॲपमध्येही नकोत आणि प्रोसिजरमध्येही नकोत. प्रोसिजर मुख्यतः दोन ठिकाणी कामी येते: एकाच ओळीवर सगळ्यांची गर्दी होते तिथे, आणि हजारो ओळींवर एका दमात काम करायचं असतं तिथे. तीन-चार वेगवेगळे प्रोग्रॅम त्याच टेबलांत लिहीत असतील तरीही तिचा विचार करावा.

पण कोड कुठे आहे यावरून वाद घालण्याआधी दुसरा प्रश्न सोडवा: ट्रान्झॅक्शन उघडतं कोण आणि बंद करतं कोण? याला दोन मालक असले की हिशोब चुकतो, मग कोड कुठेही असो.

प्रोसिजरमध्ये लिहिलं की ते आपोआप एकसंध ट्रान्झॅक्शन होतं ना?

नाही. हा समज सगळ्यात जास्त महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर.

मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट चालू असेल (मुळात ते चालूच असतं) आणि प्रोसिजरमध्ये तुम्ही स्वतः ट्रान्झॅक्शन सुरू केलं नसेल, तर आतलं प्रत्येक विधान (एसक्यूएलची एकेक आज्ञा) स्वतंत्रपणे कमिट होतं. बचत खातं कमी झालं आणि कर्जखात्याच्या ओळीवर चूक आली, तर पहिलं काम पक्कं होऊन बसलेलं असतं. सगळं एका प्रोसिजरमध्ये होतं याचा काडीचा उपयोग नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्येही प्रोसिजर म्हणजे ट्रान्झॅक्शन नव्हे. तिथे आणखी एक खोच आहे. तुम्ही ट्रान्झॅक्शन उघडलंत, तरी एक्सॲक्ट-अबॉर्ट हे सेटिंग बंद असताना कन्स्ट्रेंट मोडल्याची चूक फक्त ते एक विधान रद्द करते आणि गाडी पुढच्या विधानावर जाते. शेवटी कमिट येतं आणि अर्धवट काम पक्कं होतं. म्हणून तिथल्या प्रत्येक प्रोसिजरच्या डोक्यावर एक्सॲक्ट-अबॉर्ट चालू करणारी ओळ हवीच. क्लायंटचा टाइमआउट झाला तरी हीच ओळ वाचवते. ती नसेल तर क्लायंट निघून जातो आणि उघडं ट्रान्झॅक्शन लॉक (दुसऱ्याला ती ओळ बदलू न देणारं कुलूप) धरून कनेक्शनवर लटकत राहू शकतं.

पोस्टग्रेसचं फंक्शन (तिथे प्रोसिजरचं काम बहुधा तेच करतं) मात्र खरंच एकसंध असतं. ते हाक मारणाऱ्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच चालतं, चूक आली आणि कुणी पकडली नाही तर सगळं मागे जातं, आणि आत कमिट लिहिताच येत नाही. या एका बाबतीत मला ते बाकीच्यांपेक्षा सरळ वाटतं.

मग कमिट कुणी करायचं, प्रोसिजरने की ॲपने?

सर्वात बाहेरचा जो असेल त्याने, आणि फक्त त्यानेच. नेहमीच्या वेब ॲपमध्ये तो ॲपच असतो. रात्रीची जॉब थेट डेटाबेसच्या शेड्युलरवरून चालत असेल, तर ती प्रोसिजर. दोघांनी कमिट केलं की काय होतं ते प्रत्येक डेटाबेसमध्ये निराळं आहे, आणि कुठेच चांगलं नाही.

मायएसक्यूएल: ॲपने ट्रान्झॅक्शन उघडून बचत खातं कमी केलं, मग प्रोसिजरला हाक मारली. प्रोसिजरच्या पहिल्या ओळीत पुन्हा ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ आहे. त्या क्षणी ॲपचं आधीचं काम गुपचूप कमिट होतं. पुढे ॲपने रोलबॅक म्हटलं तरी ते परत येत नाही, आणि चूक म्हणून काही दिसतही नाही.

एसक्यूएल सर्व्हर: आतलं कमिट फक्त उघड्या ट्रान्झॅक्शनच्या मोजणीचा आकडा एकने कमी करतं, पक्कं काहीच होत नाही. आतलं रोलबॅक मात्र बाहेरच्यासकट सगळं उडवतं. मग बाहेरच्या प्रोसिजरला २६६ क्रमांकाची चूक मिळते. ती ट्राय-कॅचमध्ये पकडली नाही तर उरलेली विधानं ट्रान्झॅक्शनशिवाय, एकेक करून चालू राहू शकतात.

ओरॅकल: प्रोसिजरमधलं कमिट हाक मारणाऱ्याचं आधीचं कामही पक्कं करून टाकतं. फक्त लॉग लिहिण्यासाठी वेगळं कमिट हवं असेल, तर त्यासाठी ऑटॉनॉमस ट्रान्झॅक्शन आहे. ते लॉगपुरतंच ठेवा. शिल्लक बदलायला वापरलंत, तर तुमचंच बाहेरचं ट्रान्झॅक्शन आतल्याला लॉक लावून अडवील.

पोस्टग्रेस: २०१८ सालच्या ११व्या आवृत्तीपासून फंक्शनखेरीज खरी प्रोसिजरही मिळते आणि तिच्यात कमिट करता येतं. पण ॲपने आधीच ट्रान्झॅक्शन उघडलं असेल, तर त्या कमिटवर सरळ चूक येते. निदान इथे गुपचूप काही होत नाही.

आमच्याकडे नियम एका ओळीचा आहे: ज्या प्रोसिजरला ॲपचा कोड हाक मारतो, तिच्यात कमिट किंवा रोलबॅक हे शब्द दिसले की कोड रिव्ह्यूमध्ये परत.

प्रोसिजर आधीच कंपाइल झालेली असते, म्हणून वेगवान असते. बरोबर?

आजच्या घडीला हे कारण फारसं उरलेलं नाही. ॲपमधून पॅरामीटर देऊन पाठवलेल्या क्वेरीचाही प्लॅन (ती कशी चालवायची याचा आराखडा) एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल जपून ठेवतात. खरा फायदा नेटवर्कवरच्या फेऱ्या (ॲपने आज्ञा पाठवायची, डेटाबेसने उत्तर द्यायचं, ही एक फेरी) वाचण्यात आहे, आणि त्याचं गणित कागदावर मांडता येतं.

आपल्या उदाहरणात ॲपच्या सहा फेऱ्या होतात: सुरुवात, शिल्लक लॉक करून वाचणं, बचत खातं, कर्जखातं, व्हाउचर, कमिट. ॲप आणि डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये असतील आणि एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर पूर्ण काम तीन मिलिसेकंदांत होतं. सभासदाच्या स्वतःच्या खात्यासाठी हे नगण्य आहे. एकाच खात्यावर एकाच क्षणी दोन काउंटरवरून व्यवहार होणं क्वचितच घडतं.

आता संस्थेचं रोख खातं घ्या. दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक पिग्मीच्या नोंदीने तीच एक ओळ बदलायची आहे. त्या ओळीवरचं लॉक पाच फेऱ्या, म्हणजे अडीच मिलिसेकंद धरून ठेवलं, तर सेकंदाला जास्तीत जास्त ४०० नोंदी होतील. कितीही ॲप सर्व्हर लावा, हा आकडा हलणार नाही. डेटाबेस दुसऱ्या शहरात असेल आणि फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील, तर लॉक १०० मिलिसेकंद राहतं आणि सेकंदाला फक्त १० नोंदी होतात. संध्याकाळी सगळे एजंट एकदम मशीन जोडायला आले की रांग लागते ती इथे.

प्रोसिजरने हे सगळं एका फेरीत होतं. मात्र सुरुवात आणि कमिट ॲपकडेच ठेवलंत, तर प्रोसिजरचं उत्तर ॲपपर्यंत येऊन कमिट परत डेटाबेसला पोहोचेपर्यंत लॉक सुटत नाही. म्हणजे एका फेरीचा खर्च उरतोच. पोस्टग्रेसमध्ये ॲपने ऑटोकमिटवर नुसती फंक्शनला हाक मारली, तर तोही वाचतो. हाक म्हणजेच ट्रान्झॅक्शन.

तरी प्रोसिजर लिहिण्याआधी दोन स्वस्त उपाय करून बघा. एक, गर्दीची ओळ ट्रान्झॅक्शनमध्ये सर्वात शेवटी बदला. लॉक तेवढंच कमी वेळ राहतं आणि त्यासाठी फक्त कोडमधला विधानांचा क्रम बदलावा लागतो. दोन, रोख खात्याची चालू शिल्लक एका ओळीत ठेवूच नका. नोंदी लिहीत जा आणि बेरीज हवी तेव्हा करा. हा दुसरा उपाय केला की बहुतेक वेळा वेगाचा वाद तिथेच संपतो.

दोन काउंटरवरून एकदम पैसे काढले आणि शिल्लक चुकली. प्रोसिजर असती तर वाचलो असतो का?

नाही. ॲपने ५,००० वाचले, २,००० वजा केले आणि ३,००० लिहिले. त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरनेही ५,००० वाचून तेच केलं. हीच चूक प्रोसिजरमध्ये तितक्याच सहजतेने लिहिता येते. मधला वेळ कमी असल्यामुळे ती चाचणीत सापडत नाही आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सापडते.

यावरचा उपाय एका विधानाचा आहे. वाचू नका, थेट ‘शिल्लक म्हणजे शिल्लक वजा २,०००, जिथे शिल्लक २,००० किंवा अधिक आहे’ असं अपडेट पाठवा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. एक बदलली तर पैसे निघाले. शून्य आल्या तर शिल्लक अपुरी आहे. दुसरं अपडेट पहिल्याचं लॉक सुटेपर्यंत थांबतं आणि मग नव्या शिल्लकेवर अट पुन्हा तपासतं. एकदम चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचं काम किती दिसावं हे आयसोलेशनची पातळी ठरवते. पोस्टग्रेसच्या मूळच्या रीड कमिटेड पातळीवर आणि मायएसक्यूएलच्या मूळच्या रिपीटेबल रीड पातळीवर, दोन्हीकडे हे चालतं. पोस्टग्रेसची पातळी वाढवून रिपीटेबल रीड केली असेल, तर दुसऱ्याला थांबल्यानंतर चूक मिळते आणि ट्रान्झॅक्शन पुन्हा करावं लागतं.

नियम गुंतागुंतीचा असेल, म्हणजे किमान शिल्लक, गोठवलेली रक्कम, जामीनदाराची अट वगैरे, तर ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ धरा आणि हिशोब ॲपमध्ये करा.

डेडलॉक आला तर पुन्हा प्रयत्न कुठून करायचा?

ॲपमधून, आणि पूर्ण ट्रान्झॅक्शनचा. डेडलॉक म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं. पोस्टग्रेसमध्ये ४०पी०१ हा डेडलॉकचा कोड आणि ४०००१ हा सिरियलायझेशनचा, म्हणजे एकदम चाललेल्या ट्रान्झॅक्शनचा मेळ न बसल्याचा. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉकसाठी १२१३, एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५. गंमत अशी की मायएसक्यूएलमध्ये १२०५चा अर्थ निराळा: लॉकची वाट बघून वेळ संपला, जो मुळात ५० सेकंदांचा असतो. त्या वेळी मायएसक्यूएल फक्त शेवटचं विधान मागे घेतं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. तिथे ॲपने स्वतः रोलबॅक केलं नाही आणि नुसतं पुन्हा सुरू केलं, तर वर सांगितलेलं गुपचूप कमिट होऊन बसतं.

पोस्टग्रेसच्या फंक्शनमध्ये चूक पकडून आतल्या आत पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह होतो. ४०००१साठी त्याचा उपयोग नाही, कारण ट्रान्झॅक्शनचा स्नॅपशॉट (त्याला दिसणारं डेटाचं चित्र) तोच जुना राहतो.

डेडलॉक कमी करायचे तर दोन्ही खाती नेहमी खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लॉक करा. कोण नावे आणि कोण जमा हे इथे बघायचं नाही.

मधे एसएमएस किंवा पेमेंट गेटवेला कॉल करायचा असतो. तो ट्रान्झॅक्शनच्या आत ठेवू का?

नको. गेलेला एसएमएस रोलबॅकने परत येत नाही, आणि गेटवेने तीस सेकंद लावले तर तीस सेकंद लॉक धरलं जातं. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचं आहे’ अशी एक ओळ वेगळ्या टेबलमध्ये लिहा. कमिट झाल्यावर दुसरी प्रक्रिया ती उचलून पाठवील. ती कधीतरी दोनदा पाठवील हे गृहीत धरून प्रत्येक ओळीला स्वतःचा संदर्भ क्रमांक द्या.

प्रोसिजर वापरली की एसक्यूएल इंजेक्शनची भीती नाही, असं ऑडिटर म्हणतात.

इंजेक्शन म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत आज्ञा घुसवणं. प्रोसिजरच्या आत अक्षरं जोडून क्वेरी बनवली असेल, तर भीती तेवढीच. पॅरामीटर दिलेली क्वेरी ॲपमध्येही सुरक्षितच असते.

प्रोसिजरची खरी जमेची बाजू परवानग्यांची आहे. ॲपच्या लॉगिनला टेबलवर थेट लिहायची मुभा न देता फक्त प्रोसिजर चालवायची मुभा देता येते. मग कुणी ॲपचा पासवर्ड पळवला, तरी व्हाउचरशिवाय शिल्लक बदलता येत नाही. पैशाच्या टेबलांसाठी हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘सिक्युरिटी डिफायनर’ फंक्शन (मालकाच्या परवानग्यांनी चालणारं) लागतं. त्यात सर्च-पाथ (टेबलं कुठे शोधायची याची यादी) पक्का बांधून द्या, नाहीतर तेच दार उघडं राहतं.

आम्ही ओआरएम (कोडमधून टेबलांशी बोलणारं साधन) आणि फ्रेमवर्क वापरतो. ट्रान्झॅक्शन ते सांभाळतंच ना?

सांभाळतं, पण त्याच्या समजुतीप्रमाणे. जावात स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन लावलं की रनटाइम एक्सेप्शनवर रोलबॅक होतो, चेक्ड एक्सेप्शनवर (जे हाताळायला जावा भाग पाडते) होत नाही. ‘शिल्लक अपुरी’ हे एक्सेप्शन कुणी चेक्ड प्रकारात लिहिलं असेल, तर ते फेकलं जातं, स्क्रीनवर चूक दिसते आणि तोवर झालेलं काम कमिट होतं. शिवाय एका क्लासच्या एका मेथडने त्याच क्लासच्या दुसऱ्या मेथडला हाक मारली, तर मधला प्रॉक्सी (ट्रान्झॅक्शन उघडणारा स्प्रिंगचा मध्यस्थ) टळतो आणि ॲनोटेशन नुसतं शोभेला उरतं.

पायथनच्या जँगोत ‘ॲटॉमिक’ ब्लॉकच्या आत डेटाबेसची चूक पकडून पुढे जाऊ नका. पकडायची असेल तर ती क्वेरी आतल्या वेगळ्या ॲटॉमिक ब्लॉकमध्ये ठेवा, म्हणजे सेव्हपॉइंट (फक्त तिथपर्यंत मागे येण्याची खूण) बनतो. एसएमएस वगैरेंसाठी ‘ऑन कमिट’ची, म्हणजे कमिट झाल्यावरच काम चालवायची, सोय आहेच.

दिवसअखेरीचं व्याज काढायला काय बरं?

इथे मी डेटाबेसच्या बाजूने. पन्नास हजार खाती ॲपमध्ये ओढून, एकेकाचं व्याज काढून, एकेक ओळ परत लिहिणं म्हणजे पन्नास हजार फेऱ्या. तेच काम एक-दोन मोठ्या विधानांत होतं. मात्र प्रोसिजरमध्ये कर्सर फिरवून पुन्हा एकेक ओळच लिहीत असाल, तर फेऱ्या वाचल्या पण डेटाबेस तेच हळू काम आत करत बसला.

सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायचा हट्टही नको. हजार-हजारच्या गठ्ठ्यात कमिट करा आणि कुठपर्यंत पोहोचलो ते त्याच कमिटमध्ये लिहा, म्हणजे वीज गेली तर तिथून पुढे. ही अशी जागा आहे जिथे प्रोसिजरने स्वतः कमिट करणं रास्त आहे, कारण बाहेर दुसरा मालकच नाही. पोस्टग्रेसमध्ये एवढंच बघा की एक्सेप्शन पकडणाऱ्या ब्लॉकच्या आत कमिट चालत नाही.

प्रोसिजर गिटमध्ये कशा ठेवायच्या?

बाकीच्या कोडसारख्याच. फ्लायवे या साधनात पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मायग्रेशनची (डेटाबेसमधल्या बदलांच्या फाइलची) सोय आहे: फाइल बदलली की ती परत चालते. प्रोसिजरसाठी तेच वापरा. डेटाबेसवर जाऊन हाताने बदल करायची सवय मोडणं हे खरं काम आहे, साधनं बरीच आहेत.

नव्या आवृत्तीच्या वेळी जुनं आणि नवं ॲप काही वेळ एकत्र चालतं, पण प्रोसिजर एकच असते. म्हणून नवा पॅरामीटर मूळ किमतीसह (तो दिला नाही तर धरायची किंमत) शेवटी जोडा. मायएसक्यूएलच्या प्रोसिजरमध्ये मात्र अशी मूळ किंमत देता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ने पॅरामीटर बदलले, तर जुनं फंक्शन जात नाही. त्याच नावाचं दुसरं तयार होतं आणि कुणाला हाक गेली हे शोधत बसावं लागतं.

प्रोसिजरची चाचणी आणि तपास अवघड असतो का?

चाचणी म्हणाल तितकी अवघड नाही. पोस्टग्रेससाठी पीजीटॅप, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी, ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल आहे. चालू असताना तपास करणं मात्र अवघड. पोस्टग्रेसचं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (क्वेरींची आकडेवारी ठेवणारं साधन) मुळात फक्त बाहेरची हाक मोजतं. फंक्शनच्या आतली कोणती क्वेरी रेंगाळते ते दिसायचं असेल, तर ट्रॅकचं सेटिंग ‘ऑल’ करावं लागतं.

आणि चुका गिळू नका. मायएसक्यूएलच्या प्रोसिजरमध्ये हँडलरने (चूक पकडणाऱ्या भागाने) रोलबॅक केला पण ‘रिसिग्नल’ने चूक पुन्हा वर पाठवली नाही, तर ॲपला वाटतं काम झालं. सभासदाला पावती मिळते आणि खात्यात काहीच नसतं.

जुने जाणकार लोक सगळं प्रोसिजरमध्येच का ठेवायचे?

कारण त्यांच्या काळात तेच शहाणपणाचं होतं. सायबेस या डेटाबेस कंपनीने १९८७ मध्ये प्रोसिजरसह आपला सर्व्हर आणला. तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येक पीसीवरचा प्रोग्रॅम थेट डेटाबेसला जोडलेला असे, मधे ॲप सर्व्हर नव्हताच. सगळ्यांना सामाईक अशी जागा एकच होती. ती जागा आता बहुधा ॲप सर्व्हरने घेतली आहे. तुमच्या शाखांत अजून पीसीवरचा प्रोग्रॅम थेट डेटाबेसवर लिहीत असेल, तर त्यांचा सल्ला तुम्हाला आजही लागू आहे.

उद्या डेटाबेस बदलायचा झाला तर?

स्वतःच्या संस्थेसाठी लिहीत असाल तर या भीतीने निर्णय घेऊ नका, असे बदल फार कमी होतात. वेगवेगळ्या संस्थांना विकायचं उत्पादन असेल आणि एकीकडे एसक्यूएल सर्व्हर, दुसरीकडे मायएसक्यूएल असेल, तर प्रत्येक प्रोसिजर दोनदा लिहावी लागेल. तिथे ॲपमध्येच राहा.

आमच्याकडे शेकडो जुन्या प्रोसिजर आहेत. सगळ्या ॲपमध्ये आणू का?

सगळ्या आणू नका. आधी कोडमध्ये कमिट आणि रोलबॅक हे शब्द शोधा आणि अशा प्रोसिजरची यादी करा. त्यांतल्या कोणत्या ॲपमधून, कोणत्या दुसऱ्या प्रोसिजरमधून आणि कोणत्या फक्त शेड्युलरवरून चालतात ते लिहा. शेड्युलरवाल्या सोडून द्या. उरलेल्यांतून कमिट काढून ते हाक मारणाऱ्याकडे न्या, पण एका वेळी एक, आणि तिला हाक मारणारे सगळे सापडल्यावरच. कमिट काढलं आणि एखादा जुना रिपोर्ट प्रोग्रॅम स्वतः कमिट करत नसेल, तर त्याच्या नोंदी नाहीशा होतील.

हे झाल्यावर ज्या प्रोसिजरमधले नियम दर महिन्याला बदलतात, म्हणजे दंडव्याज, सवलती, योजना, त्या ॲपमध्ये आणा. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही आणि ज्या बरोबर चालतात, त्या तिथेच राहू द्या.